ना हरकत

आखातात नव्यानं आलेल्या माणसाच्या तोंडी 'शुक्रान' आणि 'हबीबी' बसायच्या आधी एक शब्द बसतो : एनओसी. मी २००६ साली लग्न होऊन दुबईला आले ती नवऱ्याच्या व्हिसावर. नोकरी करायची तर नवऱ्याची एनओसी. गाडीचं लायसन्स काढायचं तर एनओसी. सुरुवातीला याचा राग यायचा. कोल्हापुरात कायनेटिकवरून रंकाळ्याला चकरा मारणाऱ्या मुलीला इथं गाडी शिकायला नवऱ्याची चिठ्ठी लागते म्हणजे काय! पुढं राग गेला आणि सवय उरली. आमच्या करामाच्या घरात एक जाडजूड फाइल आहे. तिच्यातले निम्मे कागद कुणाची तरी कशाला तरी हरकत नाही एवढंच सांगणारे आहेत.

म्हणून मे २०२२ मध्ये दादानं कोल्हापूरहून पाठवलेला मसुदा मी प्रिंट केला, नेहमीसारखी अपॉइंटमेंट घेतली, आणि सही करून साक्षांकित प्रतिज्ञापत्र कुरिअरनं रवाना केलं. ऑफिसात परतल्यावर चहा घेतला. मजकूर साधारण असा होता : माझे वडील, वय ७६, स्वतःचे व स्वतःच्या मिळकतीचे हित पाहण्यास असमर्थ असून त्यांच्या शरीराचा व मिळकतीचा पालक म्हणून माझ्या भावाची नेमणूक करण्यास माझी काहीही हरकत नाही.

पालक हा शब्द मी तोवर शाळेच्या प्रगतिपुस्तकावरच वाचला होता, आणि तिथं सही अण्णांची असायची.

त्याच्या आधीच्या नोव्हेंबरात ब्रिटनी स्पिअर्सची बातमी आली होती. २००८ पासून तेरा वर्षं त्या गायिकेचा पैसा आणि आयुष्य वडिलांच्या आणि कोर्टानं नेमलेल्या इतरांच्या हाती होतं. १२ नोव्हेंबर २०२१ ला कॅलिफोर्नियाच्या कोर्टानं ते संपवलं. आमच्या भिशीच्या गटात त्यावर पुष्कळ चर्चा झाली. "अमेरिकेत काय, पैशासाठी बापसुद्धा पोरीला वेडी ठरवील," असं कुणीतरी म्हणालं आणि मीही मान डोलावली. 'कन्झर्व्हेटरशिप' हा शब्द आम्हाला हॉलिवूडइतकाच दूरचा वाटला होता. दोन महिन्यांनी, जानेवारी २०२२ मध्ये, अण्णांना पक्षाघाताचा झटका आला.

अण्णा पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर मोजमापाच्या वह्या भरलेला माणूस. घरीही रोजचा खर्च डायरीत लिहायचे. कोथिंबिरीची जुडी, रिक्षा, देवळातलं दक्षिणेचं नाणं, सगळं. महिनाअखेरीला बेरीज जुळली नाही तर जेवायला बसायचे नाहीत. झटक्यानं त्यांचा उजवा हात गेला आणि वाचा गेली. डॉक्टरांनी त्याला 'अफेझिया' म्हटलं. मेंदूच्या डाव्या बाजूला भाषेची जागा असते, तिथंच मार बसला होता. तेव्हा आम्ही एवढंच ऐकलं की अण्णांना बोलता येणार नाही. बोलता न येणं आणि न समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे डॉक्टरांनी सांगितलं असेलही, पण आमच्या कानावरून गेलं.

पैशाचा प्रश्न पंधराव्या दिवशी आला. ठेवी, पेन्शनचं खातं, सगळं अण्णांच्या एकट्याच्या नावावर. दादाकडे त्यांनी पूर्वी करून दिलेलं कुलमुखत्यारपत्र होतं, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. दादा ते घेऊन बँकेत गेला. मॅनेजरनं वाचलं, वडील कसे आहेत विचारलं, आणि दादानं खरं ते सांगितलं. मग मॅनेजर म्हणाला, "साहेब, मग हा कागद आता चालायचा नाही."

परदेशातल्या मराठी घरांतून सर्वांत जास्त गैरसमज इथंच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मानसिक संतुलन गेलं की मुखत्याराचा अधिकारही संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण तो कागद करून ठेवतो, नेमका त्याच दिवशी तो निकामी होतो. इंग्लंडात 'लास्टिंग', अमेरिकेत 'ड्युरेबल' असं मुखत्यारपत्र असतं, ते माणूस असमर्थ झाल्यावरही टिकतं. तिथं राहणाऱ्या आपल्या लोकांना वाटतं की पुण्या-कोल्हापुरातला कागदही तसाच. तो तसा नाही. मग हाती उरतं काय? कोर्ट.

आणि कोर्टही जवळचं नाही. १९१२ चा इंडियन ल्युनसी अॅक्ट आणि त्यानंतरचा १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा, या दोन्हींत जिल्हा न्यायालयाला चौकशी करून अशा माणसाच्या मिळकतीवर व्यवस्थापक नेमता यायचा. २०१७ चा नवा मानसिक आरोग्य सेवा कायदा अनेक अंगांनी चांगला आहे. एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून त्याला कुणी असमर्थ म्हणू नये, असं तो स्पष्ट सांगतो. उपचारांबाबत आपली इच्छा आधी लिहून ठेवता येते, आपल्या वतीनं बोलायला प्रतिनिधी नेमता येतो. पण हे सगळं मानसिक उपचारांपुरतं. मिळकतीचं प्रकरण त्या कायद्यातून गळलं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते. पक्षाघात, कोमा, म्हातारपणचा स्मृतिभ्रंश यांना सहसा तीही वाट नाही. म्हणून अशी कुटुंबं घटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात जातात. ज्याचं कुणी बघू शकत नाही त्याचं राज्यानं बघावं, या तत्त्वाला वकील 'पॅरेन्स पॅट्रिए' म्हणतात. आपण मायबाप सरकार म्हणतो.

केरळ उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१९ मध्ये कोमातल्या रुग्णांसाठी यावर काही नियम घालून दिले. डॉक्टरांच्या मंडळाकडून तपासणी, तहसीलदाराच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं घरी जाऊन खातरजमा, मिळकतीची यादी, दर सहा महिन्यांनी हिशेब, आणि गैरवापर दिसला तर पालकाला काढण्याची मुभा. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कोमातल्या नवऱ्यावर पत्नीला पालक नेमलं ते याच वाटेनं. आमच्या वकिलांनी हेच निकाल पुढं ठेवले. अण्णा कोमात नव्हते, पण त्या काळात दिवसातले अठरा तास झोपेत असायचे आणि नळीनं जेवायचे. आईची, माझी, आत्याची ना हरकत जोडली. दादा पालक झाला. सहा महिन्यांनी हिशेब द्यायचा, स्थावर मिळकत कोर्टाच्या परवानगीशिवाय विकायची नाही, अशा अटी होत्या.

यात कुठं काही चुकलं असं मला आजही म्हणता येणार नाही. ठेवी मोकळ्या झाल्या, रात्रीचा मदतनीस ठेवता आला, घरी फिजिओथेरपी सुरू झाली. मी दर महिन्याला इथून दिरहॅम पाठवायचे आणि दादा, वहिनी तिथं अण्णांना कूस बदलून द्यायचे. कुणाचा वाटा मोठा होता ते सांगायला नको.

जुलै २०२३ मध्ये मुलाची शाळा बंद झाल्यावर मी महिनाभर घरी गेले. व्हिडिओ कॉलवर दिसायचे त्यापेक्षा अण्णा खूप बरे होते. खुर्चीत बसायचे, डाव्या हातानं जेवायचे, पेपर समोर धरायचे. चारपाच शब्द फुटत होते. 'हो', 'नाही', आईचं नाव, आणि का कोण जाणे, 'राधानगरी'. बाकी सगळ्या वाक्यांच्या जागी राधानगरीच यायचं. चहा हवा असला तरी राधानगरी आणि पंखा बंद करायचा असला तरी राधानगरी. नातू हसायचा, अण्णाही हसायचे.

एका दुपारी दादा टेबलावर कोर्टात द्यायचा सहामाही हिशेब मांडून बसला होता. फोन आला म्हणून उठून गेला. अण्णांनी तो कागद डाव्या हातानं ओढून घेतला. मला वाटलं नुसतं चाळतायत. बोट एकेका आकड्यावरून खाली सरकत होतं. दुसऱ्या पानावर ते थांबलं. मदतनिसाच्या पगाराच्या रकान्याखालच्या बेरजेवर त्यांनी तीनदा बोट आपटलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मोबाइलवर बेरीज केली. नऊशे रुपयांचा फरक होता. हातचा धरायचा राहिला होता.

दादा आल्यावर मी हसत हसत सांगितलं. तोही हसला, खोडून आकडा नीट केला. मग अण्णांनी पेन मागून घेतलं आणि त्या कागदाच्या मागं, पहिलीतल्या मुलासारख्या अक्षरांत, बराच वेळ घेऊन लिहिलं : 'माझे पासबुक'.

खोलीत कुणी काही बोललं नाही. दादानं कागद घडी करून खिशात ठेवला.

त्या रात्री कळलं की दादानं फुलेवाडीचा प्लॉट विकण्यासाठी कोर्टाची परवानगी मागायचं ठरवलं होतं. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. ठेवी संपत आल्या होत्या, पेन्शनमध्ये दोन मदतनीस भागत नव्हते, प्लॉटला गिऱ्हाईक आलं होतं. मी विचारलं, "अण्णांना विचारलंस?"

"काय विचारायचं? राधानगरी म्हणतील."

"आज बेरीज पकडली त्यांनी."

दादा शांत माणूस आहे. पण त्या दिवशी म्हणाला, "हे बघ, तू वर्षातनं एक महिना येणार. तेवढ्यात तुला अण्णा बरे दिसणार. संध्याकाळी सातनंतर ते आईलासुद्धा ओळखत नाहीत कधी कधी, ते तू बघितलंयस? दीड वर्ष मी काढलंय. आणि तूच सही करून दिलीस ना? तेव्हा नव्हती हरकत, आता कुठनं आली?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, अण्णा ताजेतवाने असताना, मी त्यांच्यासमोर बसून प्लॉटचा सातबारा ठेवला आणि विचारलं, "विकायचा?" ते म्हणाले, "नाही." मी वेगळ्या शब्दांत फिरवून विचारलं, म्हणजे 'हो' आणि 'नाही' यांची गल्लत होतेय का ते कळेल. "ठेवायचा?" "हो."

आमच्या गावाला हा प्रश्न नवा नाही. लहानपणी अण्णा आम्हाला कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांची गोष्ट सांगायचे. १८७१ साली दत्तक येऊन गादीवर बसलेला पोरगा. तो वेडा आहे असं ठरवून ब्रिटिश सरकारनं त्याला देखरेखीखाली ठेवलं, आणि १८८२ मध्ये कारभार रीजंट म्हणून कागलकर आबासाहेब घाटग्यांकडे दिला. महाराजांना मुद्दाम छळून वेडं ठरवलं जातंय, असा लोकांना संशय होता. 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांतून टिळक-आगरकरांनी दिवाण बर्व्यांवर झोड उठवली. पण ज्या पत्रांच्या आधारानं आरोप केले ती बनावट निघाली. अब्रुनुकसानीच्या खटल्यात दोघांना शिक्षा झाली. १७ जुलै ते २६ ऑक्टोबर १८८२, असे एकशे एक दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ ला, अहमदनगरला पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराज गेले. वय अवघं वीस.

अण्णा गोष्टीच्या शेवटी म्हणायचे, "खरंच वेडे होते की नव्हते, कुणाला कळलंच नाही बघा." लहानपणी मला ही टिळकांची गोष्ट वाटायची. आता वाटतं, तिच्यात एका बाजूनं वेडा म्हणणारे आहेत, दुसऱ्या बाजूनं शहाणा म्हणणारे आहेत, आणि त्या पोराला समोर बसवून शांतपणे विचारल्याचं कुठं ऐकू येत नाही. शिवाय त्याची कड घेणाऱ्यांचा पुरावा खोटा निघाला आणि त्याची उरलीसुरली बाजूही गेली. कुणाच्या वतीनं भांडायचं तर नुसत्या कळवळ्यावर भागत नाही. हाती खरा कागद लागतो.

दादाच्या बाजूनं मुंबईचीच एक गोष्ट आहे. अरुणा शानबाग या केईएमच्या परिचारिकेवर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि मे २०१५ मध्ये जाईपर्यंत त्या तिथंच बिछान्यावर होत्या. त्यांना दयामरण द्यावं म्हणून लेखिका पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मार्च २०११ मध्ये न्यायालयानं म्हटलं की अरुणांच्या वतीनं बोलण्याचा हक्क त्यांची इतकी वर्षं शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. जो करतो त्याचा शब्द मोठा. मला हे पटतं, आणि आमच्या घरात करणारा दादा होता. पण अरुणा बोलू शकत नव्हत्या म्हणून दुसऱ्यानं बोलायचं होतं. अण्णांनी 'माझे पासबुक' लिहिलं होतं.

पालकत्व संपवता येतं हे मला वकिलांनी सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. मुलाचं पालकत्व अठराव्या वर्षी आपोआप संपतं. मोठ्या माणसाचं तसं संपत नाही. ज्या कोर्टानं ते दिलं त्याच्याकडेच जाऊन, परिस्थिती बदलली असं दाखवून, आदेश मागं घ्यायला किंवा कमी करायला सांगावं लागतं. खुद्द ज्याच्यावर पालक नेमलाय तो मागू शकतो, नातेवाईक मागू शकतात, आणि पालक स्वतःही मागू शकतो. पालकानं स्वतः मागणं हा सगळ्यात सोपा मार्ग, असं वकील म्हणाल्या. मी दादाला दोन महिने विनवलं. तो नाही म्हणाला. मग मी अर्ज केला.

अर्जात तिन्ही गोष्टी मागितल्या. आदेश पूर्ण रद्द करा. ते नसेल तर ठरावीक कामांपुरता आणि ठरावीक मुदतीचा करा. तेही नसेल तर निदान प्लॉटच्या बाबतीत अण्णांचं मत घेतल्याशिवाय परवानगी देऊ नका. मधल्या मागणीला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा आधार होता. त्याच्या कलम १४ मध्ये 'मर्यादित पालकत्व' आहे. पालकानं त्या माणसाशी सल्लामसलत करून, त्याच्या इच्छेनुसार, एका विशिष्ट निर्णयासाठी आणि मुदतीसाठी मदत करायची. त्याच्या जागी बसायचं नाही. भारतानं २००७ साली दिव्यांगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला, त्यातून आलेला हा विचार आहे.

त्यासाठी मी पुन्हा एकदा तशीच अपॉइंटमेंट घेतली. काउंटरवरच्या मुलीनं प्रतिज्ञापत्र उलटसुलट केलं आणि नेहमीच्या सुरात विचारलं, "एनओसी आहे ना?" मी म्हटलं, "नाही. हरकत आहे."

शासकीय डॉक्टरांच्या मंडळानं अण्णांना दोनदा तपासलं, आणि आमच्या विनंतीवरून दोन्ही वेळा सकाळी. वाचाउपचार करणाऱ्या बाईंनी चित्रं आणि 'हो-नाही'ची कार्डं वापरली. अहवालात लिहिलं होतं : आकलन बऱ्याच अंशी चांगलं, अभिव्यक्ती फार मर्यादित, थकल्यावर गोंधळ वाढतो, योग्य साहाय्य मिळाल्यास साधे आर्थिक निर्णय घेऊ शकतात. सुनावणीला अण्णा व्हिडिओवर हजर झाले. मी दुबईहून बघत होते. न्यायमूर्तींनी मराठीत विचारलं, "हे शेजारी बसलेत ते कोण?" अण्णांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. "त्यांनी तुमचे पैसे खाल्ले का?" अण्णा मोठ्यांदा म्हणाले, "नाही." मग विचारलं, "तुमचा व्यवहार तुम्ही बघणार?" अण्णा म्हणाले, "राधानगरी." माझ्या पोटात गोळा आला. अण्णांनी मान हलवली, चिडून पाटी ओढली आणि लिहिलं : 'हो. मुलगा मदत'.

मार्च २०२४ मध्ये पालकत्वाचा आदेश मागं घेतला गेला. बँकेत अण्णांच्या डाव्या हाताच्या सहीचा नवा नमुना दिला. जोड खातं उघडायचं ठरलं तेव्हा कुणाबरोबर, असं अधिकाऱ्यानं विचारलं. अण्णांनी दादाकडे बोट दाखवलं. मी तिथंच उभी होते. एवढं सगळं केलं ते मी, आणि बोट दादाकडे. वाईट वाटलं नाही असं कसं म्हणू? पण त्यांचा निर्णय त्यांना करू द्यावा म्हणूनच तर कोर्टात गेले होते.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांचे आईवडील तिकडे एकटे आहेत, म्हणून शिकलेलं थोडक्यात सांगते. आईवडील धडधाकट असतानाच खाती 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' करून घ्या. परदेशस्थ मुलालाही त्यांच्या बचत खात्यात सहधारक होता येतं. नॉमिनी वेगळा. त्याचा उपयोग माणूस गेल्यावर, तो अंथरुणावर असताना नाही. आजारी खातेदाराला सही करता येत नसेल तर हाताच्या किंवा पायाच्याही अंगठ्याचा ठसा साक्षीदारांसमोर घेऊन पैसे काढता येतात, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. साक्षीदारांपैकी एक बँकेचाच अधिकारी हवा, म्हणजे तो घरी यायला हवा. मागून बघा. आम्हाला हे आधी माहीत असतं तर कदाचित कोर्टापर्यंत गेलोच नसतो. मुखत्यारपत्र रोजच्या कामासाठी जरूर करा. इथून केलेलं असेल तर महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरा. पण ते असमर्थतेच्या दिवसाचं छत्र समजू नका.

पालकत्व घ्यावंच लागलं तर मुदत मागा, मर्यादा मागा, हिशेबाची अट मागा. राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या पालकाला सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि मग दर वर्षी हिशेब द्यावाच लागतो. तो दुर्लक्ष करत असेल किंवा पैसा वळवत असेल तर आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था त्याच समितीकडे त्याला हटवायचा अर्ज करू शकतात. उच्च न्यायालयातून नेमलेल्या पालकाची तक्रार त्या न्यायालयाकडे. आणि तुमच्याकडे ना हरकतीचा कागद आला, तर सही करण्याआधी एक प्रश्न विचारा : ज्याच्याबद्दल हा कागद आहे त्याला कुणी विचारलं का?

इथं अमिरातीतही हेच कोडं वेगळ्या नावानं आहे. भान हरपलेल्या माणसाचा व्यवहाराचा अधिकार थांबवण्याला इथल्या कायद्यात 'हजर' म्हणतात आणि तो उठवणंही कोर्टाच्याच हाती असतं. संयुक्त खात्यातला एक धारक असमर्थ झाला तर बँक त्याच्या वाट्याची रक्कम अडवून ठेवते. २०१५ मध्ये डीआयएफसीची मृत्युपत्र नोंदणी सुरू झाल्यापासून आमच्या ओळखीतल्या बहुतेकांनी ते करून ठेवलंय. मुलांचे पालक कोण, फ्लॅट कुणाला, सगळं लिहिलंय. पण मृत्युपत्र मेल्यावर बोलतं. जिवंत असून बोलता येईनासं झालं तर काय, हे आमच्या भिशीत मी विचारलं तेव्हा सगळ्या जणी एकमेकींकडे बघत राहिल्या. ब्रिटनीचं नाव या वेळी कुणी काढलं नाही.

मुंबईच्या खेपांचा त्रास नंतर येणाऱ्यांचा वाचेल. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. ती बातमी दादानं मला पाठवली, खाली एक शब्दही न लिहिता. अर्ज केल्यापासून आमचं बोलणं असंच चालतं, कामापुरतं. राखी मी पाठवते, पोचली म्हणून तो कळवतो.

आणि प्लॉट? तो विकलाच. गेल्या दिवाळीनंतर आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. अण्णांनी स्वतः कपाटातून सातबारा काढून दादापुढं ठेवला. दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात डाव्या हातानं सही केली. साहेबांनी खुशीनं विकताय ना म्हणून विचारलं, ते 'हो' म्हणाले. दादा फोनवर म्हणाला, "मी तेच म्हणत होतो ना?" मी म्हटलं, "होय. तेच म्हणत होतास."

अण्णांनी डायरी पुन्हा सुरू केली आहे. वहिनीनं त्या दिवसाच्या पानाचा फोटो पाठवला. वेड्यावाकड्या अक्षरांत जमेच्या बाजूला प्लॉटची रक्कम, खर्चाच्या बाजूला रिक्षा ८०, चहा ४०. खाली बेरीज. मी करून बघितली, बरोबर होती.